तपकिरी कागदवाली

प्रिय मारित,

परवा बेकरीच्या रांगेत शेजारच्या तेत्स्केने मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या माजी सुनेचं कसं काय चाललंय?" मी म्हटलं, माजी महापौर असतो, माजी गोलरक्षक असतो, माजी सून हा काय प्रकार असतो ते मला माहीत नाही, आणि पाव घेऊन चालू लागले. तू आणि रिन्सेने कचेरीत जाऊन सह्या करून जे काही मोडलंत ते तुम्ही दोघांनी मोडलंत. माझी सही कुणी मागितली नव्हती. तेव्हा माझ्या बाजूने तू अजून सूनच आहेस, आणि सुनेला पत्र लिहायला मला कुणाची परवानगी नको.

सप्टेंबरात आलेलं तुझं कार्ड समोर ठेवूनच लिहायला बसले आहे. "प्रिय गेस्के आणि सिप्के, इतक्या वर्षांच्या आपुलकीबद्दल मनापासून आभार. यापुढे मी वाढदिवसांना आणि सणांना न येणंच सगळ्यांच्या सोयीचं होईल. तुमच्या घराला आता नव्याने रुळू द्यावं असं वाटतं." आणि पुढच्या बाजूला एक बगळा. असली पत्रं विमा कंपनी पाठवते, मारित. इतकी वर्षं तू मला आई म्हणालीस, अगंतुगं केलंस, माझ्या तोंडावर मला खाष्ट म्हणालीस, आणि आता 'आपुलकीबद्दल आभार'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझ्या सासऱ्याने, सिप्केने, ते कार्ड दोनदा वाचलं, उलटं करून बगळा पाहिला आणि म्हणाला, "पाय चुकलेत." एवढंच. तुला ठाऊक आहे, त्याच्या हिशेबाने ते भाषण झालं.

उत्तर द्यायला उशीर केला तो राग उतरावा म्हणून. तो काही उतरला नाही, पण मधल्या काळात बातमी झाली आहे, आणि ती तुला माझ्याकडूनच कळायला हवी.

आधी गेल्या वर्षीचं सांगते, कारण त्यावाचून यंदाचं कळायचं नाही. गेल्या वर्षीची पाच डिसेंबरची, संताच्या सणाची संध्याकाळ ही तू गेल्यानंतर रिन्सेने जिला घरी आणलं तिच्यासह आमची पहिली. तुझ्या लेकीने, एल्स्केने, तुला 'छान झालं' एवढंच सांगितलं असेल. पोरगी तुझ्यासारखीच सभ्य खोटं बोलायला शिकली आहे. छान काहीही झालं नाही. हिंके आली ती दुकानातली तयार पिशवी घेऊन, वर पातळ कागदाचा फुलोरा, झालं हिचं काम. माझ्या पोटची मुलगी, एकेकाळी अंड्यांच्या ट्रेमधून अख्खी गाय उभी करायची. रिन्से ओल्या लाकडासारखा बसला होता, ना पेटत होता ना विझत होता. आणि टोपीतल्या चिठ्ठ्यांत, ज्याचं नाव हाताला लागेल त्याला भेट द्यायची त्या, माझं नाव गेलं होतं रिन्सेच्या या नव्या लिझानकडे.

तू तिला एल्स्केच्या शाळेच्या फाटकात पाहतेस, 'नमस्कार, नमस्कार' करून दोघी दोन दिशांना निघून जाता, असं एल्स्के सांगते. तेवढ्यावरून तिची कल्पना यायची नाही. उंच, फिकट, दक्षिणेकडची, आणि इतकी मऊ बोलते की ऐकायला मान पुढे करावी लागते आणि मग ती दुखते. तिने मला साबण दिला. साबणाला माझी हरकत नाही. पण तो तपकिरी कागदात, घड्या मोजून मापून घातलेल्या, वर तागाची दोरी, दोरीत रोजमेरीची काडी आणि वाळवलेल्या संत्र्याची चकती. ती चकती मी आधी तोंडात टाकली. मग सोंग कुठे आहे म्हणून पुडकं उलटंपालटं केलं. सोंग नव्हतंच. अगं, शाळेतल्या पोरांनाही कळतं की त्या संध्याकाळी भेट नुसती देत नाहीत, तिला कसलं तरी सोंग देतात, रद्दी आणि खळ आणि खोकी यांतून, फुकटात, आणि सोबत संताच्या नावाने टोमण्यांची कविता असते, ती ज्याची त्याने उभं राहून वाचायची. माझ्या वाट्याला आलेली कविता मी उभी राहून वाचली ती अशी:

गेस्के, तुमचे हात प्रेमळ, तुमचं घर उबदार,
तुमच्यामुळे आयुष्य झालं अलगद आणि अलवार.

मी काय मलम आहे? कुणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात होतं काय? सिप्के म्हणाला, "छान आहे," आणि तो छान म्हणतो ते हवामानाच्या बातम्यांना. मी तिला म्हटलं, "तुमचे फार आभार." तिला मी तुम्हीच म्हणत होते. मी कुणाला तुम्ही म्हणते ते तुला माहीत आहे: दंतवैद्याला, आणि ज्यांना मी पाण्यात पाहते त्यांना. साडेसातला एल्स्केच्या अंगावर कोट चढवला, कारण आता तुझी पाळी होती. जाताना तिने मसाल्याच्या बिस्किटांची मूठ खिशात कोंबली, तुझ्यासाठी. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर, सणाला देतात ते चॉकलेटचं, तेही मी आणलेलं होतं, पण ते तिच्याबरोबर पाठवलं नाही. ते टेबलावर मांडायचं असतं, माणसाच्या ताटाशी, टपालाने किंवा पोरीच्या खिशातून धाडायचं नसतं. ते कपाटात पडून पांढरं झालं.

आता तुझं पहिलं वर्ष आठव. रिन्सेबरोबर तू फिरायला लागून जेमतेम एक उन्हाळा झाला होता, आणि टोपीतून तुझ्या हाताला नेमकं माझं नाव लागलं. दुसरी कुणी असती तर हातरुमाल देऊन मोकळी झाली असती. तू गॅरेजमधल्या जुन्या लाल पडद्यांची जीभ शिवलीस. आमच्या सोफ्याएवढी. आत सिप्केचे फाटके बनियन कोंबलेले, ते रिन्सेने चोरून आणून दिले होते. जिन्यावरून खाली आणायला दोघं लागले. माझी भेट तिच्या टोकात कुठेतरी आत होती, आणि ती शोधायला मला सगळ्यांदेखत स्वतःच्याच जिभेत खांद्यापर्यंत हात घालावा लागला. शेवटी काडेपेटी हाती लागली आणि तीत शिवणकामाचं एक अंगुस्तान. कविता मला अजून पाठ आहे, निदान शेवट:

सिप्के बोलत नाही म्हणता, बोलेल तरी तो कसा?
घरभर पसरली जीभ ही, त्याला उरला फक्त घसा.

मी वाचून संपवलं तेव्हा रिन्से टेबलाखाली जायच्या बेतात होता. आणि सिप्के हसायला लागला. इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मग मीही हसले, कारण माझ्याकडे इतकं नीट त्याआधी कुणी पाहिलंच नव्हतं. त्या संध्याकाळी तू घरातली झालीस. लग्न नंतर झालं. त्याला मी तेव्हाही फारसं महत्त्व दिलं नाही, म्हणून ते मोडलं यालाही देत नाही. जीभ अजून माळ्यावर आहे, मांजर तिच्यावर झोपतं.

तर अशा घरात साबण आणि अलवार. आणि एवढ्यावर थांबलं नाही. यंदा ऑक्टोबरात गावच्या वाचनालयाने या तपकिरी कागदवालीचा वर्ग ठेवला, 'कमी पैशात देखण्या भेटी'. मी गेले. कशाला गेलीस म्हणशील, तर नाक मुरडायला गेले. मागच्या रांगेत बसलं की नीट मुरडता येतं. खोली बायकांनी गच्च. तिने सांगितलं की कागदाचं मोठं भेंडोळं घ्यावं म्हणजे स्वस्त पडतं, चिकटपट्टी दिसू देऊ नये, कडा आत दुमडाव्यात, रस्त्यातली वाळकी पानं गोळा करावीत, आणि संत्र्याच्या चकत्या मंद आचेवर ओव्हनमध्ये सहा तास ठेवाव्यात. सहा तास गॅस. तेवढ्यात मी बाजारातून रेशमी फीत घेऊन आले असते आणि वर कॉफी प्यायले असते. खऱ्या ओढगस्तीत कागद तपकिरी नसतो गं, रंगीबेरंगी असतो, कारण तो इतरांच्या घरून आलेला असतो. माझी आई भेटींचे कागद इस्त्री करून पलंगाखाली ठेवायची. निळ्या ताऱ्यांचा एक कागद आम्हा भावंडांत इतकी वर्षं फिरला की घड्यांवरचे तारे पुसून गेले, आणि यंदा तो कुणाला येणार यावरून आमची मारामारी व्हायची. पण कुणाला सांगता. तेत्स्केच्या डोळ्यांत त्या वर्गात पाणी आलं. आता ती जॅमच्या बाटल्याही तपकिरी कागदात दोरीने बांधून देते. परवा एक आणून दिली, मी उघडेपर्यंत मला वाटलं पाठदुखीचं औषध आहे.

नोव्हेंबरात सणाच्या मिरवणुकीसाठी संताची बोट बंदरात लागली त्या रविवारी सगळे आमच्याकडे वाटाण्याचं सूप प्यायला आले आणि चिठ्ठ्या काढल्या. चिठ्ठ्या मी नेहमीसारख्या बेकरीच्या जुन्या कॅलेंडरच्या कापल्या होत्या. तो कागद फुकट असतो, आणि एका बाजूने गुळगुळीत असल्यामुळे टोपीत चिकटत नाही. सिप्केची लोकरी टोपी टेबलाभोवती फिरली. प्रत्येकाने आपली चिठ्ठी काढली, दुसऱ्याला ताकास तूर न लागू देता वाचली आणि खिशात घातली. रिन्सेने नंतर भांडी घासली. मी मुद्दाम सांगते, कारण तुझ्या वेळी तो कधी घासत नव्हता आणि त्याचं श्रेय तिला द्यायला मी तयार नाही. माणूस चाळिशी उलटल्यावर आपणहून थोडासा सुधारतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिझान मागच्या दारात उभी. एकटीच. आत आली, एक चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "काल माझ्या हाताला दोन आल्या, एकमेकींना चिकटून. एक बरोबर आहे. दुसरी ही."

चिठ्ठीवर तुझं नाव होतं.

सिप्के तिथेच स्टुलावर बसून बूट पुसत होता. तो म्हणाला, "म्हातारे, तुझ्या हाताची सवय आहे ती. इतकी वर्षं कापतेस, कात्री आपोआप चालली असेल." इतकं लांबलचक वाक्य मी त्याच्या तोंडून वर्षभरात ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, असेल बाई. आणि तिला म्हटलं, "द्या इकडे, टाकते शेगडीत." तर तिने चिठ्ठीवर हात ठेवला, आणि पहिल्यांदाच मान पुढे न करता मला तिचा आवाज ऐकू आला. "पण टोपीतून आलेलं नाव परत करायचं नाही, असा नियम आहे ना या घरात?"

नियम आहे. मीच केलेला आहे. हिंकेला एकदा तिच्या नावडत्या आतेभावाची चिठ्ठी आली होती आणि ती रडली तरी मी बदलू दिली नव्हती. चिठ्ठी तिच्याकडेच राहिली.

रिन्सेच्या फ्लॅटची फरशी पांढरी आहे, म्हणून सोंग आमच्या मागच्या पडवीत घडायला लागलं. ती कामावरून सुटली की सायकलवर यायची. पहिल्या दिवशी तिने एक खोकं तपकिरी कागदात बांधलं आणि वर पानंबिनं चिकटवली. मी म्हटलं, "हे काय?" म्हणाली, "मारितला निसर्ग आवडतो असं रिन्से म्हणाला." निसर्ग. तुला, जिला मेंढ्या नुसत्या दिसल्या तरी शिंका येतात. त्या ओल्या लाकडाशी तू एवढा संसार केलास आणि त्याने तुझ्याबद्दल एवढंच लक्षात ठेवलं. मग तिने कविता दाखवली. 'तुझ्याबद्दल मला नितांत आदर वाटतो' अशी सुरुवात. ती मी बटाट्याच्या सालींबरोबर टाकली. म्हटलं, "आदराचं पत्र तिकडून सप्टेंबरातच आलंय. त्याला उत्तर द्यायचं असेल तर तिकीट लावून टपालपेटीत टाका, माझं पीठ वाया घालवू नका."

दुसरी असती तर रडत घरी गेली असती. ही खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "मग तुम्हीच सांगा, ती कशी आहे. तिचं काय चुकतं?"

तुझ्याबद्दल तिच्यापाशी चकार शब्द काढायचा नाही असं मी ठरवलं होतं. बटाटे करपेपर्यंत बोलत होते.

मी तिला सांगितलं की तू आमच्याकडून एका दमात कधी निघालीच नाहीस. "निघते हं, आई" म्हणायचीस, कोट घालायचीस, गळपट्टा बांधायचीस, मागच्या दाराची मूठ धरायचीस, दार उघडायचीस, आणि मग तिथे उभी राहून खरं बोलायला लागायचीस. आत बसून सबंध दुपार जे निघालं नाही ते सगळं दारात. तुझ्या आईचं दुखणं दारात. एल्स्के होणार हे दारात. रिन्से घरी आला की बोलत नाही, हेही दारातच. बाहेरून बांधावरचा वारा, आतून सिप्के ओरडतोय, "अगं पोरी, आत ये नाहीतर बाहेर जा, मी काय मेंढ्यांसाठी शेगडी पेटवलीय?" आणि मी फडकं हातात धरून उभी, पाय गार पडलेले, आणि जा म्हणवत नाही. आणि शेवटच्या दिवशी, तुझी खोकी गाडीत चढवली त्या दिवशी, तू "निघते" म्हणालीस आणि खरोखरच निघालीस. मी हात पुसत दारापाशी आले तर दार लागलेलं. सिप्के शेगडीपाशी उभा होता. त्याने लाकूड हातात घेतलं होतं आणि ते आत टाकायचं विसरला होता.

मला तुझी आठवण येते, मारित. हे मी एकदाच लिहिते आहे, पुन्हा विचारशील तर नाही म्हणेन.

लिझानने हे सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसले नाहीत, माझ्या हातावर हात ठेवला नाही, ते मला बरं वाटलं. फक्त म्हणाली, "म्हणजे तिचं निघणं अजून बाकीच आहे."

दुसऱ्या दिवशी ती रद्दी मागत आली. तपकिरी कागदाचं नाव नाही. खळ करायला घेतली ती मात्र अशी की बघवेना. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ ओतत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बावळट, पीठ आधी गार पाण्यात कालवतात, मग ओततात. तुझ्या आईने तुला काही शिकवलं की नाही?" बोलले आणि मग लक्षात आलं, मी तिला अगं म्हणाले. ती कोपरापर्यंत चिकट, केसांत फुटबॉलच्या बातम्या, आणि हसायला लागली. थांबेचना. म्हणाली, "वर्ष झालं मला या घरात येऊन. आज पहिल्यांदा कुणीतरी मला बोललं."

मग तिच्या आईचं निघालं. आईबाप वेगळे झाले तेव्हा ती एल्स्केहून लहान होती. पाच डिसेंबर दोन घरी व्हायचा, संध्याकाळ अर्धी इकडे, अर्धी तिकडे, आणि मधला वेळ गाडीत मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी. "दोन्हीकडे सगळे इतके छान वागायचे," ती म्हणाली. "आणि भेटी इतक्या सुंदर बांधलेल्या असायच्या, की उघडायचं मन व्हायचं नाही." मी खळ ढवळत राहिले. गुठळ्या होत्याच अजून.

मला ती आवडायला लागली आहे असा अर्थ काढू नकोस. सुपात लिंबू पिळते. कुत्र्याशी पूर्ण वाक्यांत बोलते. रिन्से तिच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावतो, ते पाहून तर कपाळाला हात लावावासा वाटतो. रिन्सेला तिने हे सगळं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मारितला कळवलंय का?" आणि पन्हाळ साफ करायला निघून गेला. पण खाली उतरल्यावर माळ्यावर गेला, तुझी खुर्ची काढली आणि तिचा डुगडुगणारा पाय खिळा मारून घट्ट केला. तू तिथे बसत होतीस तेव्हा दर रविवारी तू त्याला तो पाय नीट कर म्हणून सांगत होतीस.

सोंग तयार आहे. काय आहे ते सांगणार नाही, निदान तेवढा नियम पाळते. टपालाने ते येणार नाही, माणसाच्या उंचीचं आहे. त्याला मूठ आहे, बिजागऱ्या आहेत, आणि काही केल्या ते पूर्ण लागत नाही. सिप्केने पडवीत येऊन ते पाहिलं आणि म्हणाला, "ऊब जातेय." कविता तिने पाच वेळा लिहिली. आता तीत आदर कुठेच नाही. एक ओळ तर इतकी झोंबणारी आहे की माझ्या हातून डाव पडला. तुला राग येईल, आणि आलाच पाहिजे.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं. ती चिठ्ठी. मी म्हातारी आहे, आंधळी नाही. माझ्या चिठ्ठ्या पांढऱ्या असतात, एका बाजूने चकचकीत, मागे कुठल्यातरी महिन्याचे आकडे. त्या सकाळी तिने टेबलावर ठेवलेली चिठ्ठी तपकिरी होती. दोन्ही बाजूंनी खरखरीत, आणि वर कडा पट्टीने सरळ कापून आत दुमडलेल्या. टोपीतून ती कधी आलीच नव्हती. तुझं नाव तिने स्वतःच्या हाताने लिहून आणलं होतं आणि माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून खोटं बोलत होती, तेही धड बोलता येत नव्हतं. सिप्केलाही दिसलं असणार, नाहीतर तो इतकं बोलला नसता, विचारलं तर म्हणतो, "मी बूट पुसत होतो." तुला ती आपणहून कधी बोलावणार नाही, तिला वाटतं तो हक्क तिचा नाही. आणि बोलावणं माझ्याकडून गेलं तर ते जुन्या सवयीतून गेलं असं तुला वाटेल. म्हणून सांगते, ही माझी सवय नाही, हे तिचं काम आहे. मी तिला काही कळलंय असं दाखवलेलं नाही, तूही दाखवू नकोस. पाच तारखेला सहा वाजता ये, मागच्या दाराने, रिकाम्या हातांनी. एल्स्केला अजून सांगितलेलं नाही, तू नाही म्हणालीस तर तिला कळायला नको. पण आलीस तर तिचा कोट त्या संध्याकाळी खुंटीवरच राहील. तुझ्या नावाचं अक्षर नवीन आणलं आहे. आणि निघताना दारात हवा तितका वेळ उभी राहा. सिप्केने जास्तीची लाकडं फोडून ठेवली आहेत. कुणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणतो, मेंढ्यांसाठी.

तुझीच सासू, माजी नव्हे,
गेस्के